घरटे आणि गृहस्थधर्म

वैशाख उतरू लागला की आपल्या बेळगाव-खानापूरच्या बाजूस घरोघर शाकारणीची लगबग सुरू होते. शिड्या लागतात, कौले उतरतात, कुजलेला वासा आणि किडलेली रीप बदलली जाते, आणि वर्षभर ज्या माळ्याकडे कोणी मान वर करून पाहिले नाही त्या माळ्यात दिवा जातो. अशा वेळी आढ्याच्या सांध्यात पारव्यांनी रचलेल्या चार काटक्या, वळचणीच्या खोबणीत चिमण्यांचे गवताचे घर, क्वचित एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात गव्हाणी घुबडाची पांढरी पिले दृष्टीस पडतात. खाली कामकरी उभे असतात, वर ढग जमू लागलेले असतात, आणि गृहस्थापुढे प्रश्न येतो : आता काय करावे ?

हा प्रश्न क्षुल्लक आहे असे समजून पुष्कळजण तो कामकऱ्यांच्या काठीवर सोपवितात. आमचे वडील देवळात पूजेअर्चेस असल्यामुळे काहीजण तो देवळात घेऊन येतात. म्हणून आज या विषयावर शास्त्राच्या आधारे चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. आम्ही वयाने लहान आणि शिक्षणानेही शाळेपुरतेच. जे वडीलधाऱ्यांकडून ऐकले व डोळ्यांनी पाहिले, तेवढेच येथे मांडीत आहो.

सामान्यत: लोक या प्रश्नाची तीन उत्तरे देतात. पहिले उत्तर काठीचे. घर आमचे आहे, पाखरांनी विचारून बांधले नाही, तेव्हा ओढून टाका. दुसरे उत्तर भीतीचे. घरात पारवा शिरला, घुबड बसले, आता काही तरी अनिष्ट होणार. तेव्हा त्यास मारून टाका वा पिटाळून लावा आणि शांत करा. तिसरे उत्तर दिसावयास दयेचे. मुक्या जिवाला कशाला हात लावावा, राहू द्या; आणि पुढे दहा वर्षे माळ्याकडे पाहावयाचेच नाही, मग विष्ठेचे थर साचोत की खाली निजणाऱ्याची छाती भरो. या तीनही उत्तरांत गृहस्थास स्वत: काही करावे लागत नाही, हे त्यांचे साम्य ध्यानात घ्यावे.

प्रथम भीतीचा विचार करू. घरात कपोत येणे हे प्राचीन काळी अशुभसूचक मानीत, हे खरे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १६५ वे सूक्त याच विषयाचे आहे. त्यात कपोतास निर्ऋतीचा दूत म्हटले आहे आणि घुबडाच्या ओरडण्याचाही उल्लेख आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात, घरावर कपोत आला असता याच सूक्ताने होम करावा किंवा त्याचा जप करावा, असे सांगितले आहे. परंतु त्या सूक्तात ऋषी मागतो काय, हे फार थोडे लोक पाहतात. आमच्या घरी आलेला हा पक्षी आम्हांस कल्याणकारक होवो, आमच्या माणसांस व गाईगुरांस त्यापासून उपद्रव न होवो, अशी त्यात विनवणी आहे. आणि त्यास दूर करावयाचे तर ते ऋचेने करावे, असे सांगितले आहे. त्याचा जीव घ्या, त्याची अंडी फोडा, असे तेथे कोठेही नाही. ज्या ऋषीच्या नावावर हे सूक्त आहे त्याचे नावसुद्धा कपोतच आहे ! तेव्हा शास्त्राचे नाव पुढे करून पाखरावर काठी उगारणाराने ते शास्त्र एकदा वाचून पाहावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

घुबडाविषयी तर आपल्या समाजात दुहेरी वर्तन आहे. लक्ष्मीचे वाहन म्हणून त्याचे चित्र पूजावयाचे आणि प्रत्यक्ष घुबड माळ्यावर दिसले की दगड मारावयाचा. वस्तुत: गव्हाणी घुबड हे शेतकऱ्याचे न बोलावता आलेले राखणदार आहे. ते उंदीर बहुधा सबंध गिळते आणि त्यांची हाडे व केस यांच्या गोळ्या करून ओकून टाकते. ज्यांच्या माळ्यावर असे घुबड आहे त्यांनी खाली पडलेली एखादी गोळी फोडून पाहावी. तिच्यात उंदरांच्या कवट्या सापडतील. कणगीतले धान्य कोण राखते, हे मग निराळे सांगावे लागणार नाही.

आता मुख्य कथेकडे वळू. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्माचार्यांनी युधिष्ठिरास जाजली मुनीचे आख्यान सांगितले आहे. हा जाजली अरण्यात खांबासारखा निश्चल उभा राहून तप करीत असे. त्याच्या जटा वाढून त्यांचा गुंता झाला होता. कुलिंग पक्ष्यांच्या, म्हणजे चिमण्यांच्या, एका जोडप्याने त्या जटांत गवताच्या काड्या आणून घरटे केले. मुनी हलला नाही. पुढे त्या घरट्यात अंडी झाली. आपल्या मस्तकावर अंडी आहेत हे मुनीस कळले, तरीही तो हलला नाही. पिले बाहेर आली, त्यांस पंख फुटले, ती दिवसा उडून जाऊन सायंकाळी परत येऊ लागली. मग पाचपाच सहासहा दिवस जाऊ लागली. अखेर महिनाभर ती आली नाहीत, तेव्हा ती आता खरोखर गेली असे जाणून जाजली तेथून निघाला.

मस्तकावर घरटे म्हणजे देहरूपी घराच्या छपरावरच ते झाले. जाजलीने घरटे काढून फेकले नाही, आणि पाखरे गेल्यावर जन्मभर तेथेच खिळूनही राहिला नाही. पिले उडून जाईतो थांबला, आणि ती गेल्याची खात्री करून मगच उठला. गृहस्थास हवी असलेली रीत या कथेत पूर्ण आलेली आहे.

परंतु कथा येथे संपत नाही. नदीवर स्नान करून, सूर्योपस्थान करून जाजलीने दंड थोपटले आणि आपणास धर्म साधला अशी घोषणा केली. त्या क्षणी अंतरिक्षातून वाणी झाली की, धर्माच्या बाबतीत तू वाराणसीच्या तुलाधाराची बरोबरी करू शकत नाहीस. तुलाधार कोण, तर बाजारात माल तोलून विकणारा एक वाणी ! जाजली शोधीत शोधीत त्याच्या दुकानी गेला. तुलाधाराने उठून त्याचे स्वागत केले, पाखरांची सारी हकीकत आपणच त्यास सांगितली, आणि मग धर्माचे रहस्य उलगडले. कोणत्याही जिवाचा द्रोह न करता जगावे. ते अशक्य असेल तेथे होईल तितका अल्प द्रोह करून जगावे. आणि आपल्या तागडीचा काटा सर्वांसाठी सारखा ठेवावा, हे त्याच्या बोलण्याचे सार होय.

‘अल्प द्रोह’ हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. अरण्यातील मुनीस अद्रोह साधेल, कारण त्याला गळके छप्पर नाही, आजारी माता नाही, मृगाची भीती नाही. गृहस्थास हे सर्व आहे. म्हणून त्याच्या हाती तागडी दिली आहे. एका पारड्यात पाखराचा जीव, दुसऱ्यात घरच्यांचा जीव. आणि काटा कोणाकडेही मुद्दाम न झुकविता तोलावयाचे. ते कसे, याचे एक उदाहरण सांगतो.

खानापूर तालुक्यातील एका खेड्यातील गृहस्थ असेच एका वैशाखात आमच्या वडिलांकडे आले. माळ्यात पारव्यांची दोन घरटी. एकात पिसे फुटत असलेली दोन पिले, दुसऱ्यात नुकतीच घातलेली दोन अंडी. सुतार चार दिवसांनी यावयाचे ठरलेले. आणि माळ्याच्या बरोबर खाली त्यांच्या सत्तर वर्षांच्या मातोश्रींचे अंथरूण. त्यांस दम्याचा विकार, आणि वैद्यकीय तपासणीत पारव्यांपासून दूर राहा असे बजावलेले. गृहस्थ हात जोडून म्हणाले, “भटजी, एकीकडे आई आहे, एकीकडे ही अंडी. कोणते पाप पत्करू ते तुम्हीच सांगा.”

वडिलांनी विचारले, “मृगाला किती दिवस आहेत ?”

“महिना आहे.”

“मग पाप निवडण्यापूर्वी आधी आईंचे अंथरूण हलवा. ते आजच करा. त्याला सुतार लागत नाही, मुहूर्तही लागत नाही.”

त्याप्रमाणे मातोश्रींस त्याच दिवशी पुढच्या सोप्यात आणले आणि माळ्याखालची खोली बंद केली. नंतर हिशेब मांडला. पारवा एका वेळी बहुधा दोन अंडी घालतो. ती उबविण्यास सुमारे १८ दिवस लागतात आणि पिले उडावयास पुढे एक महिना, कधी त्याहून अधिक. पिसे फुटलेली पिले पंधरवड्यात जाणार होती. सुतारांस तेवढे थांबविणे कठीण नव्हते. अंड्यांचे मात्र दिवस मृगापलीकडे जात होते. तेव्हा असे ठरले की, सगळे घर शाकारावे, फक्त त्या एका कोपऱ्यातील कौलांना हात लावू नये, आणि आतून फळ्यांचा आडोसा करून तेथील धूळ घरात उतरू देऊ नये.

तो कोपरा आषाढभर गळला. खाली घमेले ठेवून रोज पाणी काढावे लागले. दोनपैकी एक अंडे फुटलेच नाही. एकच पिलू मोठे होऊन उडाले. ते गेल्यावर पावसाची उघडीप पाहून गृहस्थाने तेथे तारेची जाळी ठोकली, आणि वळचणीखाली चिमण्यांसाठी एक लाकडी पेटी टांगली. मातोश्रींचा दमा गेला असे आम्ही म्हणत नाही; परंतु रात्रीचा खोकला पुष्कळ उतरला, असे त्या स्वत: सांगतात. एका पिलासाठी दोन महिने घमेली उपसणे हा व्यवहार आहे काय, असे कोणी विचारील. तुलाधाराच्या तागडीत तो बसतो, असे आमचे उत्तर आहे. गैरसोयीच्या वजनापेक्षा जिवाचे वजन जास्त भरते.

मात्र हेही स्पष्ट सांगावयास हवे. ज्याचे घर एकखणी आहे, आजाऱ्यास हलविण्यास दुसरी जागा नाही आणि जिवाला धोका आहे, त्याने माणसाचा जीव प्रथम राखावा आणि पारव्यांचे घरटे मनात खंत ठेवून काढावे. माता की पारवा असा प्रश्न खरोखरच उरला, तर धर्म मातेच्या बाजूस आहे. परंतु बहुतेक वेळा तो प्रश्न तसा नसतोच. अंथरूण हलविण्याचा कंटाळा की पारवा, असा तो असतो. आणि आपण मातेचे नाव पुढे करतो.

आता वाचकांच्या उपयोगाचे काही नियम सांगतो.

पहिला नियम वेळेचा. शाकारणीच्या आधी दीड-दोन महिने माळ्यात दिवा घेऊन जावे. फाल्गुनात पाहिले तर वैशाखात धर्मसंकट येत नाही. चिमणीचा संसार अंड्यांपासून उडण्यापर्यंत सुमारे एका महिन्यात आटोपतो. पारव्यास दीड-दोन महिने लागतात. गव्हाणी घुबडाची अंडी उबण्यास एक महिना आणि पिले उडण्यास सुमारे दोन महिने जातात. एवढे ठाऊक असले की, किती थांबावयाचे ते बोटांवर मोजता येते.

दुसरा नियम बंद करण्याचा. पारवे बाराही महिने विणीस बसू शकतात. म्हणून पिले उडाली की लागलीच वाट बुजवावी. आठवडाभर आळस केला तर पुन्हा अंडी दिसतील आणि पुन्हा थांबणे आले. बुजविण्यापूर्वी दोन-तीन दिवस सकाळ-सायंकाळ पाहत राहावे. आत कोणी उरले नाही याची दिव्याने खात्री करावी. पारवे दिवसा बाहेर असताना आणि घुबड रात्री बाहेर गेल्यावर जाळी ठोकावी. चिमणीस सुमारे ३ सेंटिमीटरचे भोक पुरते, म्हणून जाळीचे घर त्याहून बारीक असावे. आत जिवंत पाखरू कोंडून वरून जाळी मारणे हा द्रोह काठीहून भयंकर होय. कारण ते मरण सावकाश असते आणि आपणास दिसत नाही.

तिसरा नियम शुद्धीचा. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास काहींच्या फुप्फुसांस सूज येते, आणि ती पुढे कायमचे घर करू शकते. विष्ठेत वाढणाऱ्या बुरशीनेही छातीचे विकार होतात. म्हणून माळा कोरडा झाडू नये. आधी पाणी शिंपडून थर भिजवावा, नाक-तोंड चांगले झाकावे, हातमोजे घालावेत, ओला कचरा पिशवीत बांधून टाकावा आणि मग स्नान करावे. मुले व दमेकरी यांस त्या दिवशी तेथे फिरकू देऊ नये.

चौथा नियम पडलेल्या पिलाचा. माणसाचा हात लागला की आई पिलास टाकते, असा समज प्रचलित आहे. तो खरा नाही. पंख न फुटलेले पिलू खाली पडले असेल तर अलगद उचलून घरट्यात परत ठेवावे. आई येते.

पाचवा नियम राज्याच्या कायद्याचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे, अंडी वा घरटी विस्कटणे हेही ‘शिकार’ या शब्दात घातले आहे. घुबडासह अनेक पक्ष्यांस या कायद्याचे संरक्षण आहे. अडचण असेल तर वनखात्यास कळवावे. आपण होऊन पिले हलवू नयेत.

चिमण्यांविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९५८ साली चीन देशात चार उपद्रवी प्राणी ठरवून त्यांचा संहार आरंभिला. उंदीर, माशा व डास यांच्या जोडीस चिमणी घातली होती, कारण ती धान्य खाते. लोकांनी भांडी बडवून चिमण्यांस टेकू दिले नाही. दमून त्या आकाशातून पडू लागल्या. परंतु चिमणी आपल्या पिलांस किडे व अळ्या भरविते, हे हिशेबात धरले नव्हते. पिकांवर किडीचा उपद्रव वाढला, आणि १९६० साली यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घालावा लागला. धान्याचा दाणा पारड्यात घातला, पण अळी घातली नाही. तागडी खोटी ठरली.

तशीच तागडी दुसऱ्या बाजूनेही खोटी होते. रोज पोत्याने दाणे टाकून शेकडो पारवे एका ठिकाणी जमविणे यास पुष्कळजण पुण्य समजतात. मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ साली वाद माजला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. कोणाच्या श्रद्धेस दुखवावे असा आमचा हेतू नाही. परंतु आपण टाकलेल्या दाण्याने शेजाऱ्याची छाती भरत असेल, तर ते दान आपल्या पुण्याचे आणि शेजाऱ्याच्या खर्चाचे झाले, एवढे मनात आणावे. चिमण्यांसाठी मूठभर तांदूळ आणि उन्हाळ्यात परळभर स्वच्छ पाणी ठेवले तरी भूतदयेचे कार्य घडते.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजास आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक कपोत आहे. नाथमहाराजांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली, म्हणून ही कथा आपल्या घरोघर पोहोचली. पारध्याच्या जाळ्यात पिले सापडली, त्यांच्यामागे कपोती गेली आणि तिच्यामागे कपोतही त्या जाळ्यात पडला. अतिमोह करू नये, असा बोध अवधूताने घेतला. आपण ती कथा ऐकतो आणि त्या पाखराच्या मोहास हसतो. परंतु घर माझे, माळा माझा, वळचण माझी, असे म्हणून काडीच्या घरट्यावर काठी उगारणाऱ्या आपणांत त्या कपोताहून मोह कमी आहे काय ? त्याचे घर एका विणीपुरते असते, आपले फार तर एका जन्मापुरते. दोघांनाही ते सोडूनच जावयाचे आहे.

अखेरची गोष्ट जाजलीचीच. त्याचा दोष पाखरांशी वागण्यात नव्हता. दंड थोपटण्यात होता. तुलाधाराच्या सांगण्यावरून त्याने त्या पाखरांस हाक मारली. ती आली आणि बोलली. स्पर्धेने श्रद्धेचा घात होतो, असे त्याच्याच मस्तकावर वाढलेल्या पाखरांनी त्यास सांगितले. खानापूरकडील त्या गृहस्थांनी आपली हकीकत नावासह या पत्रिकेत यावी, अशी प्रथम इच्छा दर्शविली होती. वडील म्हणाले, “अहो, जाजलीला आकाशवाणीने सांगावे लागले, तुम्हांला मी सांगतो. नाव राहू द्या.” गृहस्थ हसले आणि त्यांनी ते मान्य केले. म्हणून वर नाव दिलेले नाही.

तरी सज्जनहो, येत्या फाल्गुनात प्रत्येकाने एकदा आपल्या माळ्यात दिवा घेऊन जावे. जेथे अंडी वा पिले असतील तेथे दिवस मोजावेत, घरच्या आजाऱ्याची सोय आधी करावी, पाखरे गेल्यावर वाट बुजवावी, आणि चिमणीसाठी वळचणीस एक जागा ठेवावी. हे करून झाल्यावर त्याविषयी कोणाजवळ फार बोलू नये. सर्व भूतांच्या ठायी वसणारा श्रीहरी आपणां सर्वांच्या हाती समतेची तागडी देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥